मॉनिटरचा पडदा थरथरतो तेव्हा…

२०२१ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. त्या काळात शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये घरोघरी संगणकासमोरच भरत होती. आमच्या घरी मुलीची अंतिम वर्षाची ऑनलाइन परीक्षा सुरू होती आणि नेमकी त्याच वेळी तिच्या मॉनिटरला एक विचित्र व्याधी जडली. काम सुरू असताना पडदा अचानक काळा होई, दोन-तीन सेकंद तसाच राही आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात चित्र परत येई. दिवसातून दहा-बारा वेळा हा प्रकार. विक्रेत्याकडे तक्रार केली. हमीची मुदत शिल्लक असल्याने मॉनिटर बदलून मिळाला. नवा मॉनिटर त्याच संध्याकाळी तसाच काळा झाला. मग संगणक दुरुस्तीला गेला आणि ‘काही दोष नाही’ असा शेरा घेऊन परत आला. शेवटी घरी आलेल्या एका तंत्रज्ञाने निदान केले, ‘अर्थिंगमधून डिस्टर्बन्स येतोय. प्लगची तिसरी पिन काढून टाका, बंद होईल.’

तो सल्ला अमलात आणण्यापूर्वी शेजारच्या काकांना विचारण्याची बुद्धी झाली, हे आमचे भाग्य. काका वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मॉनिटरकडे पाहिलेही नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘संगणकाच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात का?’ येत होत्या. आम्ही त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

पुढे जो दोष सापडला, तो मॉनिटरमध्ये नव्हता आणि संगणकातही नव्हता. तो भिंतीत होता आणि पडदा काळा होण्यापेक्षा कितीतरी गंभीर होता. त्याची हकिगत शेवटी येईलच. मात्र पडद्यावरील थरथर, रेघा, ठिपके किंवा क्षणभराचा काळोख यांकडे केवळ यंत्राची कटकट म्हणून पाहू नये, हे त्या अनुभवाने शिकवले. अनेकदा ती घरातील वीजजोडणीने दिलेली पूर्वसूचना असते. ही सूचना कशी वाचावी, हे या लेखात पाहू.

व्यत्यय येतो कोठून?

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास कार्ल्सरूह येथील प्रयोगशाळेत दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडली आणि काही अंतरावरील तारेच्या वेटोळ्यात तिचा प्रतिसाद पाहिला. विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व त्या प्रयोगांनी सिद्ध झाले. पहिले रेडिओ प्रेषक ठिणगीवरच चालत. हे ध्यानात घेतले, तर घरातील व्यत्ययाचे कोडे बरेचसे उलगडते. पंख्याचे बटण बंद करताना, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबताना, जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर फडफडताना किंवा मिक्सरच्या मोटरमधील कार्बन ब्रश घासताना अशाच बारीक ठिणग्या पडत असतात. म्हणजे आपल्या घरात इवलीशी, बेकायदा म्हणावीत अशी रेडिओ केंद्रे दिवसभर सुरू असतात.

हा विद्युत गोंगाट मॉनिटरपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट तारांची. एकाच सर्किटवर असलेल्या उपकरणांचा गोंगाट फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तारांतून एकमेकांकडे जातो. दुसरी वाट हवेची. मॉनिटर व संगणक यांना जोडणारी केबल ही लांबलचक तारच असते. नको असताना ती अँटेनाचे काम करू लागते. उपाय करण्यापूर्वी यांपैकी कोणती वाट आहे, हे ओळखणे अगत्याचे. वाट चुकली तर उपाय फुकट जातो आणि खर्च तेवढा वाढतो.

काचेच्या नळीचे दिवस

ज्यांनी जुने, पेटीएवढे जाडजूड मॉनिटर वापरले आहेत, त्यांना चित्र पाण्यावर तरंगल्यासारखे डुलताना आठवत असेल. त्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय क्षेत्राने वळवून काचेवर चित्र रेखाटले जाई. साहजिकच बाहेरचे कोणतेही चुंबकीय क्षेत्र त्या झोताला ढकलू शके. भिंतीपलीकडील मीटर बोर्ड, टेबलाखालचा यूपीएस, शेजारी ठेवलेले स्पीकर हे नेहमीचे गुन्हेगार. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. मॉनिटर ६० हर्ट्झवर चालत असेल, तर दोहोंतील फरक १० चा. म्हणून चित्र सेकंदाला सुमारे १० वेळा डुले. हा वेग डोळ्यांना अत्यंत त्रासदायक असतो. मॉनिटर फूटभर सरकवला की अनेकदा आजार बरा होई, कारण अंतर वाढताच असे क्षेत्र झपाट्याने क्षीण होते.

ज्या घरांत असा जुना मॉनिटर अजूनही माळ्यावर पडून असेल, त्यांनी तो कुतूहलापोटी उघडू नये. रंगीत नळीतील दाब २० हजार व्होल्टच्या पुढे असे आणि प्लग काढल्यानंतरही तो भार नळीत काही काळ टिकू शकतो.

आजच्या पडद्याचे दुखणे

आजच्या सपाट पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत नाही, त्यामुळे स्पीकरच्या चुंबकाने चित्र वाकत नाही. परंतु दुखणे गेले नाही, त्याने केवळ रूप बदलले. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमधून चित्र सलग बदलणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात जाते. त्यात मिसळलेला गोंगाट थेट दिसतो. चित्रावरून आडवे फिकट पट्टे हळूहळू वर-खाली सरकतात, अक्षरांना सावली पडते, कडा थरथरतात.

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबलचे तसे नाही. तेथे चित्र अंकांच्या रूपात जाते. थोडा गोंगाट असेल तर काहीच दिसत नाही. मर्यादा ओलांडली की एकदम बिघडते. आधी पडद्यावर चमचमते ठिपके दिसतात, त्याहून अधिक गडबड झाली की संगणक व मॉनिटर यांचा एकमेकांशी असलेला ताळमेळच तुटतो. तो पुन्हा जुळवून घेण्यास दोन-तीन सेकंद लागतात आणि तोवर पडदा काळा राहतो. आमच्या घरी घडत होते ते हेच.

हे अंक किती वेगाने धावतात, हे पाहण्याजोगे आहे. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचे, तर एचडीएमआय केबलमधील तीनपैकी प्रत्येक तारजोडीतून सेकंदाला सुमारे सहा अब्ज बिट जातात. बटण बंद होताना निघणाऱ्या गोंगाटाची चाचणी घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात जो विद्युत स्पंद वापरतात, त्याची लांबी अवघी ५० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन कोटींवा भाग असते. परंतु तेवढ्यात एका जोडीतून सुमारे ३०० बिट निघून गेलेले असतात आणि असे स्पंद एकटे येत नाहीत, त्यांची माळच येते. एका पंख्याच्या बटणाने महागडा पडदा काळा कसा होतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

महागडा म्हणण्याचे कारण असे, की किमतीचा येथे फारसा संबंध नाही. २०१७ च्या प्रारंभी एलजी कंपनीचा ‘अल्ट्राफाइन फाइव्ह-के’ हा मॉनिटर वाय-फाय राउटरच्या जवळ ठेवला की बंद पडत असल्याच्या तक्रारी आल्या. राउटर दोन मीटर दूर ठेवावा, असे कंपनीला सांगावे लागले आणि पुढील उत्पादनात धातूचे अधिक संरक्षक आवरण घालावे लागले.

त्याहून मासलेवाईक उदाहरण खुर्चीचे. वायूच्या दट्ट्यावर वर-खाली होणाऱ्या कार्यालयीन खुर्चीतून माणूस उठला की तिच्या धातूच्या भागांत साठलेली स्थिर वीज क्षणार्धात मोकळी होते आणि तिचा स्पंद मॉनिटरच्या केबलमध्ये शिरतो. पडद्यांच्या जोडणीची उपकरणे बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या ग्राहकांना ही शक्यता स्पष्ट शब्दांत सांगितलेली आहे. तेव्हा ‘मी खुर्चीतून उठलो की पडदा जातो’ असे कोणी म्हटले, तर त्याला हसू नये.

आधी खात्री करा

प्रत्येक थरथर विजेमुळे नसते. तीन साध्या कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूची. मॉनिटरच्या कडेवरील बटण दाबले की प्रकाशमान, तीव्रता आदींचा मेनू पडद्यावर येतो. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, तो संगणकाकडून येत नाही. मागचे चित्र थरथरत असताना मेनू स्थिर राहिला, तर दोष बहुधा केबल, संगणक किंवा त्यांच्या जोडणीत आहे. मेनूही तसाच थरथरत असेल, तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत असण्याची शक्यता अधिक.

दुसरी कसोटी विंडोज वापरणाऱ्यांसाठी. पडदा लुकलुकत असताना ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. त्याची खिडकीही लुकलुकत असेल तर डिस्प्ले ड्रायव्हरवर संशय घ्यावा. ती स्थिर असून बाकीचे लुकलुकत असेल तर एखादा सॉफ्टवेअर प्रोग्रॅम कारणीभूत असतो. हा मार्ग मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेला आहे.

तिसरी कसोटी जागेची. तोच संगणक, तोच मॉनिटर आणि तीच केबल नातेवाइकांच्या किंवा मित्राच्या घरी एक दिवस चालवून पाहावी. तेथे सारे सुरळीत चालले, तर यंत्रांना दोष देणे थांबवून आपल्या घराकडे वळावे. आम्ही हे पहिल्याच आठवड्यात केले असते, तर मॉनिटर बदलण्याचा आणि दुरुस्तीचा सारा खटाटोप वाचला असता.

घड्याळ आणि वही

व्यत्यय शोधण्याचे सर्वांत चांगले साधन बाजारात विकत मिळत नाही. ते म्हणजे वही आणि पेन. पडदा कधी जातो, त्या क्षणी घरात काय सुरू झाले किंवा काय बंद झाले, याची चार-पाच दिवस नोंद ठेवावी.

वेल्समधील अबरहोसान या खेड्याची कथा या दृष्टीने बोलकी आहे. तेथील ग्रामस्थांचे इंटरनेट तब्बल दीड वर्ष रोज सकाळी कोलमडत असे. केबल बदलून झाल्या, तरी फरक पडेना. अखेर ओपनरीच या कंपनीच्या अभियंत्यांनी लहरी मोजण्याचे उपकरण घेऊन पहाटे गावात फेरी मारली. ठीक सात वाजता विद्युत गोंगाटाचा मोठा लोट उसळला. माग काढत ते एका घरी पोहोचले. तेथील रहिवासी रोज सकाळी सात वाजता आपला जुना दूरचित्रवाणी संच सुरू करीत असत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ही बातमी जगभर गाजली. त्या शोधात उपकरणाचा वाटा होताच, पण गुन्हेगाराची वेळ ठाऊक असल्यामुळेच तो सापडला.

आपल्या घरीही वेळ पुष्कळ सांगून जाते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी होत असेल तर फ्रिज. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी होत असेल तर सोसायटीचा पाण्याचा पंप. लिफ्टच्या हालचालीबरोबर होत असेल तर तिची मोटर. केवळ पंखा मंद असताना होत असेल तर त्याचा रेग्युलेटर. गोल फिरवून वेग हवा तसा कमी-जास्त करता येणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर सेकंदाला १०० वेळा कापतात आणि प्रत्येक काप गोंगाट निर्माण करतो. कपॅसिटर असलेले, टप्प्याटप्प्याने वेग बदलणारे स्टेप रेग्युलेटर याबाबतीत सोज्ज्वळ असतात.

भारनियमनाच्या काळात घेतलेला जुना इन्व्हर्टर अजून वापरात असेल, तर वीज गेल्यावर त्रास सुरू होतो का, तेही पाहावे. स्वस्त इन्व्हर्टरमधून निघणारी चौकोनी लहर ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० अशा वारंवारतांचीही भर घालते. पंखा घूं घूं करतो तो त्यामुळेच. साइन वेव्ह इन्व्हर्टरमध्ये हा उपद्रव फारच कमी असतो.

नोंदींवरून संशयित ठरला, की त्याला वेगळे काढावे. एमसीबी पेटीतील एकेक सर्किट बंद करून त्रास थांबतो का ते पाहावे. संगणकाचे काम आधी जतन करून ठेवावे, हे सांगणे नलगे. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल, तर याहून सोपी परीक्षा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून त्याला बॅटरीवर चालवावे. पडद्यावरील रेघा तत्क्षणी नाहीशा झाल्या, तर गोंगाट चार्जरच्या किंवा अर्थच्या वाटेने येत होता, हे निश्चित समजावे.

साधे उपाय

गोंगाट हवेतून केबलमध्ये शिरत असेल, तर उपाय स्वस्त आहेत. मॉनिटरची केबल आणि विजेच्या तारा एकत्र बांधून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. टेबल नीटनेटके दिसते, पण व्यत्ययाला आमंत्रण मिळते. दोन्ही प्रकारच्या तारा किमान वीतभर दूर ठेवाव्यात. एकमेकींना ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडू द्यावे. गरजेहून लांब केबल घेऊन तिची गुंडाळी करून ठेवू नये. दीड-दोन मीटर पुरत असताना पाच मीटरची केबल घेण्यात शहाणपण नाही.

केबलच्या दर्जाबाबत काटकसर करू नये. आतले धातूचे जाळीदार आवरण कसे आहे, यावर सारे अवलंबून असते आणि ते बाहेरून दिसत नाही. एचडीएमआय केबल घेताना वेष्टनावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे प्रमाणपत्राचे लेबल आहे का, ते पाहावे. या वर्गातील केबलना व्यत्ययाबाबतही कसोटीस उतरावे लागते. केबलवर शंका असेल, तर मॉनिटरचा वेग ६० वरून ३० हर्ट्झवर आणून पाहावा किंवा चित्राची सूक्ष्मता कमी करावी. तेवढ्याने काळोख थांबला, तर केबल काठावर पास होणारी आहे, असे समजून ती बदलावी.

फेराइटची चिमट्यासारखी कडी हा आणखी एक गुणकारी उपाय. काही केबलच्या टोकाला जो फुगीर गठ्ठा दिसतो, त्यात हीच असते. सुटी कडी अल्प किमतीत मिळते. ती केबलच्या टोकाजवळ घट्ट बसवावी. केबलच्या आवरणावरून वाहणाऱ्या गोंगाटाला ती अडवते आणि आतील चित्राच्या संदेशाला हात लावत नाही.

‘स्पाइक बस्टर’ मात्र सर्व रोगांवरील औषध नव्हे. त्यातील भाग विजेच्या मोठ्या उसळीपासून रक्षण करतात. बारीक गोंगाट गाळण्यासाठी वेगळा फिल्टर लागतो आणि तो प्रत्येकात असतोच असे नाही. शिवाय त्याचे काम बहुतांशी अर्थच्या तारेवर विसंबून असते. ती तारच नसेल, तर त्यातील बराचसा पैसा वाया गेला म्हणायचे. येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो.

झिणझिण्यांचा अर्थ

संगणकाच्या वीजपुरवठा पेटीत गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून आणि दुसरा न्यूट्रलपासून निघून धातूच्या डब्याला जोडलेला असतो. डबा अर्थला जोडलेला असेल, तर नको असलेला गोंगाट या वाटेने जमिनीत निघून जातो. आता अर्थ तुटला आहे, अशी कल्पना करा. तेच दोन कपॅसिटर २३० व्होल्टची बरोबर मधोमध वाटणी करतात आणि डब्यावर सुमारे ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो. कपॅसिटर अतिशय लहान असल्याने त्यातून एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. म्हणून शॉक न लागता केवळ झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर त्यातील दिवा मात्र पेटतो.

याच वेळी जमिनीत जाऊ न शकलेला गोंगाट दुसरी वाट शोधतो. ती वाट मॉनिटरच्या केबलच्या आवरणातून जाते. अशा रीतीने पडद्याचा काळोख आणि डब्याच्या झिणझिण्या ही एकाच रोगाची दोन लक्षणे ठरतात.

झिणझिण्या स्वतः जीवघेण्या नसतात. त्यांचा अर्थ जीवघेणा असू शकतो. अर्थची तार असते ती यासाठी, की उपकरणाच्या आत फेजची तार सुटून डब्याला टेकली तर प्रचंड प्रवाह जमिनीकडे जावा आणि फ्यूज किंवा एमसीबी लगेच पडावा. अर्थ नसेल तर काहीच पडत नाही. डबा पूर्ण २३० व्होल्टवर वाट पाहत राहतो आणि त्याला स्पर्श करणारा माणूसच अर्थची तार बनतो. छातीतून जाणारा काही दशांश मिलिअँपिअर प्रवाह केवळ जाणवतो. काही दहा मिलिअँपिअरचा प्रवाह क्षणाहून अधिक टिकला, तर हृदयाचे ठोके कायमचे विस्कटू शकतात.

म्हणूनच तिसरी पिन काढण्याचा, तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावण्याचा किंवा अर्थची तार सोडून देण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो ऐकू नये. आपल्या प्लगमधील अर्थची पिन इतर दोघींहून लांब आणि जाड असते, ती विनाकारण नव्हे. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, अशी ती योजना आहे.

या सल्ल्यात सत्याचा एक कण आहे, हे मान्य करायला हवे. कधी कधी पिन काढल्यावर पडद्यावरील पट्टे खरोखरच जातात. संगणक एका ठिकाणी अर्थला जोडलेला असतो आणि टीव्हीची केबल किंवा गच्चीवरील डिशची तार दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा दाबाचा फरक असला, की केबलच्या आवरणातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. हे ओळखण्यासाठी टीव्हीची किंवा सेट-टॉप बॉक्सची तार काढून पाहावी. पट्टे गेले तर निदान पक्के. उपाय मात्र त्या तारेवर करावा. तिच्यासाठी विलगक मिळतो, तो बसवावा. संगणक, मॉनिटर आणि त्यांची सर्व जोडउपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. विजेच्या प्लगमधील अर्थला हात लावू नये.

वायरमनला काय सांगावे?

सॉकेटची तपासणी घरच्या माणसांनी करू नये, ते काम परवानाधारक वायरमनचे. पण त्याने काय तपासावे, हे आपल्याला ठाऊक असावे. मल्टिमीटरने फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्ट यावेत, फेज व अर्थ यांच्यामध्येही जवळपास तितकेच यावेत आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये दोन-चार व्होल्टहून अधिक येऊ नयेत. फेज व अर्थमधील आकडा फारच कमी भरला, तर अर्थ तुटलेला किंवा कमकुवत आहे.

एक लबाडी मात्र या मोजमापालाही चकवते. अर्थची तार नसलेल्या घरात काही जण सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. मीटरवर आकडे अगदी सुरेख दिसतात. परंतु पुढे न्यूट्रल कोठे तुटला, तर उपकरणाचा डबा थेट जिवंत होतो. म्हणून बोर्ड उघडून हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार प्रत्यक्ष कोठे जाते, ते पाहण्याचा आग्रह धरावा.

तार शाबूत असूनही अर्थ कमकुवत असू शकतो. अर्थिंगच्या खड्ड्यातील माती कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो. दख्खनच्या कातळावर वसलेल्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत हे हमखास घडते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुन्या माणसांची रीत शास्त्रशुद्धच होती. इमारतीच्या त्या खड्ड्यावर वाहनतळाची फरशी बसली असेल, तर सोसायटीच्या पुढील सभेत हा विषय जरूर काढावा.

मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे बोलीभाषेतील ईएलसीबी, नसेल तर तो बसवून घ्यावा. असेल तर त्यावरील ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून तो पडतो का, ते पाहावे. तो जीव वाचवू शकतो. पण अर्थिंगला पर्याय नव्हे. दोन्ही हवेत.

एक लक्षण असे आहे, की ते दिसताच शोध घेत बसू नये. पडदा थरथरत असतानाच घरातील काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होऊ लागले, तर इमारतीचा न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना सावध करावे आणि वीज कंपनीला कळवावे.

आमच्या घरी काय सापडले?

काकांनी मेन स्विच बंद करून संगणकामागील बोर्ड उघडला. हिरवी तार आत होती, पण कशालाही जोडलेली नव्हती. तिच्या टोकावर रंगाचे शिंतोडे होते. दोन वर्षांपूर्वी घर रंगवताना बोर्ड भिंतीपासून सुटे केले होते, तेव्हा ती निसटली असावी आणि पुन्हा जोडायची राहून गेली असावी. त्या बोर्डातून अर्थ पुढे न्हाणीघराकडे जात होता. म्हणजे दोन वर्षे गीझर आणि कपडे धुण्याचे यंत्र, दोन्ही अर्थविना चालत होते. ओल्या अंगाने, अनवाणी, आम्ही सारे रोज त्यांना हात लावत होतो.

तार जोडल्यावर झिणझिण्या थांबल्या आणि पडदा दिवसातून दहा-बारा वेळा जायचा, तो एखाद-दुसऱ्या वेळेवर आला. पाच मीटरच्या स्वस्त केबलऐवजी दीड मीटरची चांगली केबल लावल्यावर तोही प्रकार संपला. मुलीचे उरलेले दोन पेपर निर्विघ्न पार पडले. त्या तंत्रज्ञाचे ऐकून पिन काढली असती, तर अर्थ तुटल्याची एकमेव खूणही कदाचित हरवली असती आणि आम्ही गीझरच्या भरवशावर निश्चिंत राहिलो असतो.

घरातील पडदा थरथरत असेल, तर आजच संध्याकाळी वही घेऊन बसावे. आणि संगणकाच्या डब्याला हात लागताच झिणझिण्या आल्याचे घरात कोणी म्हणत असेल, तर वही बाजूला ठेवावी, संगणकाचा प्लग काढावा आणि वायरमनला बोलवावे. तो आल्यावर संगणकाचाच नव्हे, तर गीझरचा सॉकेटही त्याच्याकडून तपासून घ्यावा. तोवर गीझर बंदच ठेवलेला बरा.